कानांचं शिबिर

लिफ्टचं दार बंद होता होता एक हात आत आला आणि हातामागून समोरच्या घरातले गृहस्थ. निवृत्त माणूस, रोज सकाळी फिरायला जायचे. आजवर तिचं त्यांच्याशी हवापाण्यापलीकडे बोलणं झालं नव्हतं. आज मात्र ते खुशीत होते. "तुमचे आभार मानायचे राहूनच गेले होते हो," ते म्हणाले. "काल मुलगा आला. पूर्वी विमान बदलून बदलून यायचा, अर्धमेला होऊन पोचायचा. आता थेट नव्या धावपट्टीवर उतरतो, आणि चहा गार व्हायच्या आत घरी. बायको म्हणाली, हे सगळं समोरच्या बाईंमुळे बरं का. तुमचा तो अहवाल नसता तर त्या चळवळवाल्या मंडळींनी अजून किती वर्षं घोळ घातला असता! तोंडं बंद केलीत तुम्ही त्यांची." ती "नाही नाही, तसं काही नाही," म्हणाली, आणि म्हणताक्षणीच तिच्या लक्षात आलं की कौतुक झालेलं माणूस अगदी असंच म्हणतं. गृहस्थांनीही तो विनयच समजला. खाली पोचल्यावर त्यांनी दार धरून तिला आधी बाहेर जाऊ दिलं. ती निघाली खरी, पण कानांत दडे बसले होते. चार मजले उतरल्यानं कुणाच्या कानांत दडे बसत नाहीत, हे तिच्याइतकं दुसऱ्या कुणाला माहीत असणार? लोकांचे कान तपासण्यातच तिचा जन्म गेला होता. तिनं थुंकी गिळली, जांभई देऊन पाहिली, नाक दाबून फुंकून पाहिलं. बसथांब्यावर माणसांची तोंडं हलत होती आणि आवाज पाण्याखालून आल्यासारखे येत होते. डोक्यावरून एक विमान गेलं. त्याची सावली रस्त्यावरून, भिंतीवरून, एका दुकानाच्या पाटीवरून सरकत गेली. थांब्यावरच्या कुणीही मान वर केली नाही. सवय झाली होती सगळ्यांना.

त्या अहवालापायी खाल्लेल्या शिव्या तिला पचल्या होत्या. शिव्या देणारा माणूस निदान आपल्यावर रागावलेला असतो, म्हणजे कधीतरी त्यानं आपल्याकडून काही अपेक्षा केलेली असते. हे आभार मात्र घशात अडकले. बसमध्ये खिडकीशी जागा मिळाली आणि ती बसून राहिली, त्या सावलीसारखंच मन मागं मागं सरकत गेलं. धावपट्टीच्या कुंपणाला लागून वस्ती होती. पत्र्याची छपरं, भिंतींना कायम ओल, दारापुढून वाहणारं पाणी. तिथली पोरं बहिरी होतायत असं पहिल्यांदा तिला तिच्या भावानंच सांगितलं. धाकटा भाऊ, लहानपणी इतका गुटगुटीत होता की सगळे त्याला ढब्या म्हणायचे. पुढं चळवळीत पडला, उन्हातान्हात हिंडून काटकुळा झाला, आणि ढब्या म्हणणारी ती एकटीच उरली. बाकी सगळ्यांचा तो भाऊ झाला होता. वस्तीतल्या म्हाताऱ्यासुद्धा त्याला भाऊ म्हणत, तेव्हा तिला आपलं काहीतरी वाटून टाकल्यासारखं वाटायचं. अभिमानही वाटायचा, थोडा रागही यायचा. "ताई, धावपट्टी वाढवायची चाललीय त्यांची," तो म्हणाला होता. "आत्ताच पोरांचे कान गेलेत, पुढं काय होईल? तू मोजून दे. तू मोजलंस की कुणाची बोलायची छाती होणार नाही." तिनं रजा टाकली, आपल्या सरकारी रुग्णालयाची परवानगी काढली. यंत्र जड होतं. ते ढब्यानं खांद्यावर घेतलं, आणि चिखलातून पुढं तो, मागं ती, अशी दोघं त्या वस्तीत शिरली. त्या दिवशीइतकी ती दोघं पुन्हा कधी एकमेकांची झाली नाहीत.

कान तपासायच्या खोलीत तिनं एक गोष्ट आयुष्यभर पाहिली होती. काचेपलीकडे माणूस कानाला यंत्र लावून बसतो, आवाज आला की बोट वर करायचं असं त्याला सांगितलेलं असतं. मध्येच ती मुद्दाम काहीच वाजवत नाही. तरी कित्येकांचं बोट वर जातं. ती माणसं खोटं बोलत नसतात. आता आवाज येणार, येणार, असं मन लावून बसलं की तो खरंच येतो. नव्यानं कामावर आलेल्या मुलींना ती हसत हसत हे सांगायची. पण वस्तीत जाताना आपणही बोट आधीच वर करून गेलो होतो, हे तिला फार पुढं कळलं. तिला खात्री होती, विमानांनीच केलंय. दुसरं काय असणार? मोठ्या आवाजानं कान जातो तेव्हा आलेखात एका ठरावीक जागी खड्डा पडतो. तो खड्डा ती शोधत होती आणि तो सापडत नव्हता. त्याऐवजी एकामागून एक पोराच्या कानात दिवा धरला की आत पू दिसायचा, सुजलेला लाल पडदा दिसायचा, पडद्याला भोक दिसायचं. एक मुलगी होती, चिमणीसारखी मान तिरकी करून बोलणाऱ्याकडे बघायची. चांगला कान पुढं करण्यासाठी ती तसं करत होती, आणि लोकांना वाटायचं किती गोड लाजते. मग ताडून पाहायला ती यंत्र घेऊन शहराच्या दुसऱ्या टोकाला गेली, जिथं विमानाचा आवाज पोचत नव्हता पण घरं अशीच ओली होती. तिथल्या पोरांचे कानही तसेच. तिनं पुन्हा मोजलं. यंत्र दुरुस्तीला पाठवून, तपासून आणून, परत मोजलं. आकडा हलला नाही.

तिनं ते छापण्याआधी ढब्याला सांगितलं. तिच्याच स्वयंपाकघरात, ओट्याशी उभा राहून तो पाव खात होता.

"म्हणजे विमानांनी नाही?"

"विमानांनी झोप मोडते, डोकी दुखतात, पोरांचं अभ्यासात लक्ष लागत नाही. तेही मोजलंय, तेही लिहिलंय. पण कान जातायत ते ओलीनं, सर्दीनं आणि वेळेवर औषध न मिळाल्यानं. म्हणजे बरे होण्यासारखे आहेत ते, ढब्या! विमानानं गेले असते तर परत आले नसते. हे येतील."

ती हे आनंदानं सांगत होती. त्याचा चेहरा पडत गेला तेव्हा तिला आधी कळेचना, काय झालं.

"हे तू आत्ता छापणार?"

"मग कधी?"

"थोडं थांब. निकाल लागू दे धावपट्टीविरुद्धच्या खटल्याचा."

"आणि धावपट्टीनंच झालंय असं निघालं असतं, तर थांब म्हणाला असतास?"

त्यानं पाव खाली ठेवला. "ताई, तुझे आकडे खोटे आहेत असं मी म्हणत नाही. पण आकडे हवेत नसतात, कुणाच्या तरी हातात जातात. तू ओल लिहिशील, ते घाण वाचतील. तू औषध मिळालं नाही लिहिशील, ते म्हणतील यांनी घेतलं नाही. मधे उभं राहायला जागाच नाहीये इथं. तुला ती दिसते, कारण तू त्या काचेच्या खोलीत बसतेस."

त्यानं म्हटलं तसंच झालं, अक्षरशः तसंच. मंत्री सभेत म्हणाले, या लोकांच्या सवयीच तशा, त्याला धावपट्टी काय करणार. वर्तमानपत्रात मोठ्या अक्षरांत आलं, धावपट्टी निर्दोष. झोपेची, अभ्यासाची पानं कुणी उघडलीसुद्धा नाहीत. आणि इकडे चळवळीच्या एका प्राध्यापकानं लेख लिहून तिची पद्धत सरकारधार्जिणी ठरवली. यंत्र सरकारी, पगार सरकारी, तर निष्कर्ष दुसरा कुठला निघणार. हाच प्राध्यापक आदल्या वर्षी तिच्या दुसऱ्या एका अभ्यासाचा दाखला देत गावभर फिरला होता. तो अभ्यास गिरण्यांतल्या आवाजाचा होता आणि त्यात मालक दोषी निघाले होते. बाई तीच होती, यंत्रही तेच. तिला त्याचा राग आला नाही, भीती वाटली. कारण तो चांगला माणूस होता, अभ्यासू होता, आणि बोट वर करताना तोही खोटं बोलत नव्हता. मग कधी कधी, रिकाम्या खोलीत दार लावून बसल्यावर, बाहेरचा कुठलाच आवाज आत येत नसताना, आपल्याच नाडीचा ठोका कानात ऐकत ती स्वतःला विचारायची: आणि मी? भावाची बहीण म्हणून आकडे वाकवले असं कुणी म्हणू नये, म्हणून मी जरा जास्तच ताठ उभी राहिले का? आकडे पुन्हा तपासले की ते तसेच निघत.

पण हे सगळं एक वेळ सोडून देता आलं असतं. सोडता आलं नाही ते शिबिर. तिला वाटलं होतं, कारण कुणी काहीही म्हणो, पोरांचे कान वाहतायत याबद्दल तर वाद नाही ना? मग वस्तीत कानांचं शिबिर भरवू. कान साफ करायचे, औषध द्यायचं, ज्यांचे पडदे फाटलेत त्यांना शस्त्रक्रियेला आणायचं. ती विभागप्रमुखांकडे गेली. सज्जन गृहस्थ, त्यांनी स्वतः उठून तिला खुर्ची दिली. "कल्पना उत्तम आहे," ते म्हणाले. "पण आत्ता नको. आत्ता आपण तिथं शिबिर भरवलं तर ती मंडळी म्हणतील, बघा, सरकारनं कबूल केलं. धावपट्टीचं काम पूर्ण होऊ दे. मग पहिलं तेच करू." तिनं ढब्याला फोन केला, तुम्ही तरी भरवा, मी येते, दोन डॉक्टर गोळा करते. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "आत्ता नको, ताई. आत्ता शिबिर घेतलं तर ते म्हणतील, बघा, साधी सर्दीच होती. निकाल लागू दे. मग पहिलं तेच करू." फोन ठेवल्यावरही तिचा हात त्याच्यावरच राहिला. दोन्ही वाक्यं एकाच माणसानं म्हटल्यासारखी होती. त्याच आठवड्यात शहरभर चळवळीची भित्तिपत्रकं लागली. त्यांवर ती चिमणीसारखी मान तिरकी केलेली मुलगी होती. खाली लिहिलं होतं, धावपट्टीनं हिचे कान खाल्ले. तिचा एक पडदा अजून जोडता येण्यासारखा होता. कामावर जाताना ती रोज बसमधून ते भित्तिपत्रक बघायची आणि त्या मुलीला नव्हे, त्या पडद्याला बघायची.

एका सुट्टीच्या दिवशी ती एकटीच औषधाच्या बाटल्या पिशवीत घालून वस्तीत गेली. ज्या बाया पूर्वी हात धरून घरात न्यायच्या त्या दारात उभ्या राहिल्या, बाजूला झाल्या नाहीत. शेवटी एकजण, वयानं तिच्याएवढीच, खाली बघत म्हणाली, "ताई, राग मानू नका. भाऊ नको म्हणालेत." बाई कुणाच्या भावाबद्दल बोलतेय हे कळायला तिला एक क्षण लागला. परत येताना पिशवीत बाटल्या एकमेकींवर आपटत होत्या. त्या संध्याकाळी तिनं ढब्याला फोन केला नाही, त्यानंही केला नाही, आणि मग न करण्याचीच सवय होऊन गेली. खटला हरल्याचं तिला वर्तमानपत्रातून कळलं. वस्ती हलवली, तेही वर्तमानपत्रातून. एका छायाचित्रात पत्रे लादलेला ट्रक होता. ढब्या मोर्चात जखमी झाल्याचंही असंच, चौकोनी बातमीतून. पोलिसांनी गर्दीवर मोठ्या आवाजाचे गोळे टाकले होते. तिनं तेव्हा तो होता त्या रुग्णालयात फोन करून तो जिवंत असल्याची खात्री करून घेतली होती. कोण बोलतंय असं पलीकडून विचारल्यावर तिनं फोन ठेवला होता.

आज बसमधून उतरून ती आपल्या विभागात पोचली तेव्हा मदतनीस मावशी दारातच भेटल्या. "भाऊ आलेत," त्या कुजबुजत म्हणाल्या.

"कोण भाऊ?"

"अहो, असं काय करता? भाऊ. आपले."

बाकावर तो बसला होता. केस पांढरे झाले होते, कोट खांद्यावरून ओघळत होता. ती जवळ येऊन उभी राहिली तरी त्याला कळलं नाही, तो समोरच्या भिंतीवरचं कानाचं चित्र बघत होता. तिनं खांद्याला हात लावला तेव्हा तो दचकला आणि मग ज्या तऱ्हेनं हसला त्यावरून ती समजली. माणसं ऐकू न आल्यावर तसं हसतात.

"ढब्या," ती म्हणाली.

"काय?"

"काही नाही. आत ये."

त्यानं आडवळण घेतलं नाही, ते त्याला कधी जमलंच नव्हतं. त्या गोळ्यानंतर ऐकू येईनासं झालंय. त्या मोर्चातल्या सगळ्यांचा मिळून पोलिसांवर दावा चाललाय, वकिलांना तपासणी हवीय. "दुसरीकडे गेलो असतो," तो म्हणाला. "पण त्यांचा वकील तुझ्या सहीवर बोट ठेवायची हिंमत करणार नाही. तू त्यांची आहेस ना." असं म्हणून तो हसला, तीही हसली, आणि ते हसू दोघांनाही लागलं.

तिनं त्याला काचेपलीकडे बसवलं. कानांना यंत्र लावताना त्याची मान हाताला लागली. लहानपणी कडेवर असताना तो हीच मान तिच्या खांद्यावर टाकून झोपायचा. दार लावलं. तो एकदम शहाण्या मुलासारखा ताठ बसला आणि बोट तयार ठेवलं. ती आवाज कमी करत नेत होती, आणि त्याचा चेहरा त्या आवाजामागं जात होता, जात होता, मग हरवत होता. मध्ये ती थांबली, काहीच वाजवलं नाही. त्याचं बोट वर आलं. तिनं ते लिहिलं नाही. तिच्या डोळ्यांपुढं कागदावरच्या खुणा धूसर झाल्या. तिनं डोळे पुसले, आणि पुढचा आवाज दिला.

गोळा उजव्या बाजूला फुटला होता. तर उजवा कान जास्त गेलेला असायला हवा होता. पण उजव्या आणि डाव्या कानाच्या रेघा हातात हात घातल्यासारख्या एकत्र खाली उतरत होत्या. असा उतार तिनं पूर्वी पाहिलेला होता.

"आईसारखं आहे," ती त्याच्यासमोर, त्याला ओठ दिसतील अशी बसून म्हणाली.

"म्हणजे?"

"आई शेवटी शेवटी सगळ्याला मान डोलवायची, आठवतं? बाबा त्यांच्या पक्षाचं सांगायचे, तिकडून मामा त्याच्या पक्षाचं सांगायचा. आई दोघांनाही हो हो करायची."

"आणि दोघांनाही वाटायचं ती आपल्याच बाजूची आहे."

"ऐकूच यायचं नाही तिला, ढब्या. शिकत असताना मी तिचे कान तपासले होते. हीच रेघ."

तो मोठ्यांदा हसला. कितीतरी वर्षांनी तिनं ते हसणं ऐकलं. मग हसू विरलं आणि तो कागदाकडे बघत म्हणाला, "पण गोळ्याचा वाटा नाहीच, असं सांगता येईल तुला?"

"नाही. असेलही थोडा. मला तो दिसत नाही."

"मग तेवढंच लिही. वाटा नाकारता येत नाही."

खोटं नव्हतं ते. चार शब्दांचं खरं वाक्य होतं, आणि ते कुणाच्या हातात जाऊन काय होईल हे आता तिलाही त्याच्याइतकंच कळत होतं. एकदा लिहून द्यावं, असं तिला फार वाटलं. ते वाक्य दिलं तर तो उद्या घरी येईल, ओट्याशी उभा राहून पाव खाईल.

"बाकीच्यांना पाठव माझ्याकडे," ती म्हणाली. "एकेकाला तपासते. ज्याचा कान गोळ्यानं गेलाय त्याचं असं लिहीन की कुठलाही वकील हलवू शकणार नाही."

"आणि ज्याचा नाही?"

"त्याचंही लिहीन."

"म्हणजे माझंही."

"तुझंही."

तो चिडेल असं तिला वाटलं होतं. तो चिडला नाही. चिडण्याइतकं त्याच्यात आता उरलं नसावं, किंवा इथं येतानाच त्याला हे ठाऊक असावं. आणि तरी तो आला होता. तिनं जे दिसलं ते लिहिलं, दोन्ही कान, आनुवंशिक शक्यता, गोळ्याचा स्वतंत्र परिणाम दिसत नाही, आणि खाली सही केली. त्यानं कागद वाचला, घडी घातली. तो हे वकिलाला देणार नाही हे दोघांनाही कळत होतं. उठता उठता तो पुन्हा बसला.

"ताई, त्या पोरांचं काय झालं गं?"

"कुठल्या?"

"वस्तीतल्या. तो आवाज बारीक होत होत गेला ना आत्ता, तेव्हा आठवली. त्यांनाही तू असंच बसवायचीस. कान बरे झाले का त्यांचे?"

"मला कसं माहीत असणार? वस्ती हलली तेव्हा तुम्ही होता तिथं. चळवळ तुमची."

"आम्ही कोर्टात होतो. निम्म्यांना कुठंतरी नदीपलीकडे नेलं म्हणतात, बाकीची पांगली. मला वाटलं, रुग्णालयाकडे पत्ते असतील. तू तपासलं होतंस सगळ्यांना."

"माझ्याकडे वस्तीचाच पत्ता आहे, ढब्या."

"म्हणजे आता धावपट्टी आहे तो?"

"हो."

मग दोघं आठवू लागली, जणू आठवलं तर काही होणार होतं. त्याला घोषणा आठवत होत्या. कोणत्या पोराचा आवाज खणखणीत होता, कोण पुढच्या रांगेत बसायचं. तिला कान आठवत होते. कुणाचा डावा, कुणाचा उजवा, कुणाच्या पडद्याला केवढं भोक. ती मान तिरकी करणारी मुलगी दोघांनाही आठवली. तिचं आडनाव दोघांनाही आठवेना. आता ती मोठी झाली असेल, तो म्हणाला. कुठं काम करत असेल, लग्नही झालं असेल.

"हाक मारली तर तिला ऐकू येत असेल का गं?"

"एका बाजूनं मारली तर," ती म्हणाली.

त्याला ते ऐकू गेलं नाही. तो हसला, मान डोलावली, आणि कोट सावरत उठला. मावशींनी दारातून पुढच्या माणसाला हाक दिली.